रुळांच्या अलीकडचे मतदार

९ जानेवारी

अहो,

फोनच करणार होते. पण हल्ली तुमचा फोन आधी सचिव उचलतात, "कोण बोलतंय?" म्हणतात, आणि मी "त्यांची बायको" म्हटलं की "कोणत्या संदर्भात?" असं विचारतात. इतक्या वर्षांच्या संसारात कोणत्या संदर्भात ते मलाही नीट सांगता आलेलं नाही. म्हणून पत्र. हे पाकीट तरी न उघडता तुमच्या हातात देत असतील अशी आशा आहे. देत नसतील, तर सचिवसाहेब, अत्तर जरा बेताने लावत जा. मागच्या खेपेला तुम्ही बसला होता त्या खुर्चीला अजून वास आहे.

आधी कामं. मागच्या गल्लीतलं गटार पुन्हा तुंबलंय. शाळेच्या छताला गेल्या वर्षी लावलेला टेकू अजून तसाच आहे, आता पोरं त्याला 'खासदार' म्हणतात, कारण तो नुसताच उभा असतो. हे मी तुम्हाला हसवायला लिहिलेलं नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना घरमालकाने जागा खाली करायची नोटीस दिली आहे. त्या रोज माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसतात. नोटिशीबद्दल चकार शब्द काढत नाहीत, फक्त "साहेब कधी येणार?" एवढंच विचारतात. मी अधिवेशन चालू आहे म्हणून सांगते. काल त्या म्हणाल्या, "अधिवेशन तर शुक्रवारीच संपलं. पेपरात होतं."

मी मशीन चालवत राहिले. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तुमचा करडा कोट ड्रायव्हर अस्तर बदलायला टाकून गेला. अस्तर बदललं. तिसरं बटण कुणी लावलंय? माझा टाका आडवा असतो, हा फुलीचा आहे. दोरा काळा, बटण तपकिरी. ज्याने लावलं त्याला घाई होती, किंवा शिवणकाम येत नव्हतं, किंवा दोन्ही. शिवणारीच्या नवऱ्याने बटण बाहेर लावून घ्यावं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

आतल्या खिशात एक किल्ली निघाली. नवी आहे, लखलखीत. आपल्या घराची नाही, ऑफिसची नाही. भावजींना दाखवली. तुमचे धाकटे बंधू असे की रस्त्यात स्क्रू सापडला तरी उचलून उलटसुलट बघतील. किल्ली मात्र त्यांनी बघितलीच नाही, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "असेल कसली तरी." कुठेतरी पाणी मुरतंय.

किल्ली माझ्याकडे आहे. हवी असेल तर मागून घ्या.

— मी

२७ जानेवारी

अहो,

उत्तर पोचलं. टंकलेलं, खाली तुमची सही. बटण अतिथिगृहातल्या नोकराने लावलं, किल्ली कपाटाची आहे, काळजी नसावी. बरं, नाही करत. कपाटाला एवढी मोठी किल्ली असते हे ठाऊक नव्हतं, बहुतेक आत फायली नसून माणसं ठेवत असतील.

तुम्ही लिहिलंत की मी उगाच संशय घेते, पूर्वी अशी नव्हते. पूर्वी तुम्ही लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून येऊन जिना चढताना मला पावलांवरून कळायचं, आज कुणाच्या घरची लिफ्ट सुरू झाली आणि कुणाची नाही. लपवायला जागाच नव्हती. दोन खोल्यांत माणूस काय लपवणार?

नर्सबाईंच्या नोटिशीचं काही लिहिलं नाहीत. विसरलात, की लिहायचं नव्हतं? दोन वर्षांपूर्वी भाडेकरूंचा कायदा बदलून त्यांना काढणं सोपं केलं, त्या दिवशी तुम्ही सभागृहात नव्हता. मला सांगितलंत की ताप होता. इथे सगळ्यांना मी तेच सांगितलं, काढ्याची चौकशीसुद्धा लोकांनी केली. तुम्ही त्या आठवड्यात घरी आलात तेव्हा तुमचं अंग हाताला थंडगार लागलं होतं. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की उतरला असेल. आता वाटतं, तो चढलाच नव्हता.

काल भावजी दुकानात चहा पीत होते. मी सहज म्हटलं, आपली लिफ्ट पुन्हा चौथ्यावर अडकते. ते म्हणाले, "जुनीच ती, वहिनी. तिकडची बघा कशी लोण्यासारखी चालते." मी विचारलं, तिकडची म्हणजे कुठली? त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की कुणीतरी वाट बघतंय. दुकानात कुणीही नव्हतं.

तुमच्या घराण्याच्या मानाने त्यांच्यात एकच दोष आहे, त्यांना खोटं बोलता येत नाही.

— मी

४ फेब्रुवारी

खासदारसाहेब,

मी तिकडे जाऊन आले.

भावजींना मी फार छळलं नाही. त्यांच्यासमोर किल्ली ठेवली आणि काजं करत बसले. शेवटी त्यांनी पत्ता सांगितला आणि वर म्हणाले, "मी सांगितलं असं दादाला सांगू नका." म्हणून सांगत नाही. तुम्हीही मी सांगितलं असं त्यांना सांगू नका.

बसने गेले. रुळांवरचा पूल ओलांडला की शहर बदलतं हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण पलीकडे कामच नसायचं. टेकडीवर सगळं नवं. रस्त्यावर कुणी उभं नसतं. इमारतीच्या दाराशी गणवेशातला माणूस, तो म्हणाला, "खासदारसाहेबांचं घर ना? सहावा मजला. मॅडम, आपण?" मी सांगितलं, शिंपीण, पडद्यांची मापं घ्यायला आले. त्याने लगेच सोडलं. लिफ्ट खरंच लोण्यासारखी आहे.

सहाव्या मजल्यापर्यंत मी सगळी तयारी केली होती. तिला काय बोलायचं, तुम्हाला काय बोलायचं, कुठल्या क्रमाने. ती माझ्यापेक्षा तरुण असणार हे धरूनच चालले होते. फुलीचा टाका घालते म्हणजे शिकलेली असणार आणि घरकामाची सवय नसणार. दारापाशी आल्यावर पिशवीतून किल्ली काढली.

मग दारावरची पाटी वाचली. तिच्यावर तुमचं नाव होतं, आणि खाली माझं.

किल्ली फिरली. आत बाई नव्हती. एक पलंग, त्यावर एकच उशी. स्वयंपाकघरात एक कप आणि खिडकीच्या काठावर सुईदोरा, काळा. म्हणजे बटण तुम्हीच लावलंत. चाळिशी न लावता लावलं असणार.

मी त्या पलंगावर बसले आणि मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. बाई असती तर भांडले असते. भांडण कसं करायचं ते ठाऊक आहे. पण नवऱ्याने बायकोला न विचारता तिच्या नावाची पाटी लावली, तर कुठल्या तोंडाने भांडायचं?

परत आले ते थेट भावजींच्या दुरुस्तीच्या दुकानात. म्हटलं, आता सगळं सांगा. ते हात पुसत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, पुढच्या निवडणुकीला ही गल्ली दादाची नसणार. मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आयोग बसलाय. रूळ म्हणजेच हद्द होणार. अलीकडचं सगळं दक्षिणेच्या मतदारसंघात, पलीकडची टेकडी दादाला."

मी विचारलं, हे आयोगाने ठरवलं?

"प्रस्ताव आयोगाचा."

"आणि आयोगाला सुचवलं कुणी?"

ते पुन्हा हात पुसायला लागले. त्यांना खोटं बोलता येत नाही हे मी मागेच लिहिलं आहे.

— मी

११ फेब्रुवारी

खासदारसाहेब,

उत्तर नाही. हरकत नाही, तोवर मीच लिहिते. हे तुम्ही विसरला असाल असं नाही, पण टेकडीवर कुणाला ठाऊक नसणार, आणि तुमच्या सचिवांना तर नाहीच. त्यांना वाचायला द्या.

गोदामं चालू होती, तेव्हा या मतदारसंघात सगळ्यांत जास्त मतं होती आणि सगळ्यांत कमी किंमत. पहिले खासदार छत्रीवाले वकील. निवडणुकीच्या आधी एकदा यायचे, पाऊस असो नसो छत्री उघडायचे, आणि गल्लीच्या तोंडावरूनच भाषण करून परतायचे, कारण आत चिखल होता. त्यांच्यानंतर गोदी कामगारांचे पुढारी. ते आत आले, पण निवडून आल्यावर बाहेर गेले ते गेलेच. मग अशी ख्याती झाली की ही गल्ली कुणालाही दुसऱ्यांदा देत नाही. पेपरवाले आम्हाला लहरी म्हणायचे. लहरी कसले, आम्ही फक्त वाट बघायचो आणि मग कंटाळायचो.

मग तुम्ही. एक लिफ्ट दुरुस्त करणारा, हातात पिशवी, नखांत ग्रीस. लोकांनी खूप थट्टा केली. समोरचे म्हणायचे, "लिफ्टवाल्याला मत द्याल तर तो तुम्हाला वर पाठवील." तुम्ही सभेत म्हणालात, "वर पाठवायला मी आधी खालून वर चालत आलोय, प्रत्येक जिना." आणि ते खरं होतं. कुठल्या घरात म्हातारी पाचव्या मजल्यावर अडकून पडलीय हे वकिलांना ठाऊक नव्हतं, पुढाऱ्यांना नव्हतं, तुम्हाला होतं. तुमचा पहिला प्रचाराचा फलक मी जुन्या चादरीवर शिवला. अक्षरं वाकडी आली होती. तुम्ही म्हणालात, वाकडीच असू दे, लोकांना वाटेल आपल्याच घरातली आहे.

गल्लीने तुम्हाला दुसऱ्यांदा दिलं. तिसऱ्यांदाही दिलं. जी कुणाला देत नव्हती, तिने.

हे लिहिताना मला राग येत होता, आता नुसतंच बसल्यासारखं वाटतंय. तुम्ही माझ्याशी लबाडी केलीत की गल्लीशी, हे मला वेगळं करता येत नाही. शिवण उसवताना कधीकधी कापडच फाटतं, तसं झालंय.

— मी

२ मार्च

अहो,

रविवारी तुम्ही आलात, जेवलात, आणि गेलात. समोरासमोर जे बोलणं झालं त्यातलं अर्धं माझ्या घशातच राहिलं, म्हणून हे.

तुम्ही आलात तेव्हा नर्सबाई दुकानात होत्या. तुम्ही त्यांना "बघतो" म्हणालात. त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या. "बघतो" म्हणजे काय ते त्यांना तुमच्याआधीच्या दोघांनी शिकवलेलं आहे.

तुम्ही ताटावर बसून सांगितलंत ते मी नीट ऐकलं. गोदामं बंद पडली, त्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, कचेरीत माणसं दिवसभर बसतात पण मत द्यायला आपल्या घरी जातात. गल्लीतली तरुण पोरं निघून गेली. दर निवडणुकीला अलीकडची मतं कमी होतात. आयोग डोकी मोजतो, आणि इथे डोकी उरली नाहीत. कायद्याच्या वेळी तुम्ही सभागृहात जाऊन विरोधात मत दिलं असतंत तर पक्षाने तिकीट कापलं असतं, बाजूने दिलं असतंत तर गल्लीने. हे सगळं खरं आहे. तुमच्या बोलण्यात मला खोटं सापडलं नाही, हेच मला सगळ्यांत जास्त खटकलं. इतकं पाठ केल्यासारखं खरं कुणी बोलतं का?

"मी गल्ली सोडत नाही," तुम्ही म्हणालात. "गल्लीच मला सोडून चाललीय. मी फक्त आधी उठलो."

"जेवणाच्या पंगतीतून?"

"तू समजून घे."

"समजलं. म्हणूनच विचारते. आम्हाला सांगून का उठला नाहीत?"

तुम्ही पाणी प्यायलात. मग म्हणालात की सांगितलं असतं तर मी दुकानात बसून सगळ्यांना सांगितलं असतं. म्हणजे संशय एकट्या मलाच येत होता असं नाही. तुम्हीही माझ्यावर घेत होता, आणि माझ्या आधीपासून.

जाताना दारात तुम्ही म्हणालात, आयोगाच्या सुनावणीला येऊ नकोस, लोक बघतील, पेपरवाले लिहितील. मी तुमच्या हातात डबा दिला. तुम्ही ते हो समजलात की नाही, हे मला तुमच्या पाठीवरून कळलं नाही. आता पूर्वीसारखं कळत नाही.

— मी

२० मार्च

अहो,

सुनावणीला तुम्ही पहिल्या रांगेत होता, म्हणजे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तुम्ही सगळा वेळ जमिनीकडे बघत होता, म्हणून मला काय दिसलं ते सांगते.

आमच्याकडून चौघंच आलो. नर्सबाई, भावजी, पिठाच्या गिरणीवाले आणि मी. भावजींना मी येऊ नका म्हटलं होतं. ते म्हणाले, "दादा रागावेल, पण जेवायला तर घालेल." टेकडीचे लोक भरपूर होते, सगळ्यांच्या हातात एकसारख्या फायली. तुमचे सचिव त्यांच्यात फिरत होते. मला बघून त्यांनी वाट बदलली. अत्तर मात्र माझ्यापर्यंत आलं.

आयोगाचे अध्यक्ष भले गृहस्थ वाटले. दमलेले होते. माझा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण छत्रीवाल्या वकिलांपासून सुरू करावं की गोदीपासून, ते सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले की साहेब, आमची डोकी कमी झाली हे खरं आहे. पण ती कमी का झाली हे कुठल्याही रकान्यात नाही. घरं रिकामी झाली नाहीत, रिकामी करून घेतली. जे उरलेत त्यांना आता दुसऱ्याच्या मतदारसंघाच्या टोकाला चिकटवलं, तर त्यांचं ऐकायला कुणीच येणार नाही, कारण टोकाला कुणी येत नसतं.

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मग आडनाव बघून त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, आपला या विभागाच्या खासदारांशी काही संबंध?"

तुम्ही तेव्हा पहिल्यांदा वर बघितलंत.

"आहे," मी म्हणाले. "मी त्यांची मतदार आहे."

पाठीमागे कुणीतरी हसलं. मी थट्टा केली नव्हती. त्या क्षणी दुसरं कुठलंही नातं सांगितलं असतं तर ते माझ्या तोंडून अर्जासारखं वाटलं असतं.

बाहेर जिन्यात तुम्ही माझ्यासाठी थांबाल असं वाटलं होतं. थांबलाही होता. पण सचिव कानाशी लागले आणि तुम्ही गाडीत बसलात. कशासाठी थांबला होता, ओरडायला की दुसऱ्या कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

— मी

१५ जून

अहो,

निकाल वाचला. रूळ म्हणजेच हद्द. नर्सबाईंनी पेपर दुकानात आणून माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाल्या, "आपण गेलो." कुणी वारल्यासारखं. मग त्याच म्हणाल्या की चहा करा.

अध्यक्षांनी माझं म्हणणं एका ओळीत छापलं आहे. 'एका स्थानिक महिलेने भावनिक आक्षेप नोंदवला.' भावनिक. मी डोक्यांचं बोलले होते.

नर्सबाईंच्या नोटिशीला भावजींनी वकील गाठून स्थगिती मिळवली. तुम्हाला कळवलं इतकंच, काम सांगत नाही.

तुम्ही निरोप पाठवलात की टेकडीवर सामान हलवायला गाडी कधी पाठवू. माझं मशीन त्या लिफ्टमध्ये मावणार नाही. मी मोजून आले होते.

— मी

२ नोव्हेंबर

अहो,

अभिनंदन. टेकडीने तुम्हाला भरभरून दिलं. फोटोत तुम्ही बारीक दिसता. कोट खांद्यात सैल झालाय, पाठवून द्या.

तुमचं पत्र या वेळी हाताने लिहिलेलं होतं. किती दिवसांनी तुमचं अक्षर बघितलं. अजून 'र' तसाच, स्क्रूसारखा. म्हणून उत्तरही नीट देते.

मी राहायला कधी येणार, असं विचारलंत. येणार नाही. पाटीवर माझं नाव राहू द्या हवं तर, पण माणूस इथे आहे. तुम्ही इकडे येऊ शकता. पूल दोन्ही बाजूंनी उघडा असतो.

मग विचारलंत, मास्तरांसाठी मी प्रचार केला हे खरं का. ज्यांना तुम्ही दोनदा हरवलंत तेच मास्तर दक्षिणेतून उभे राहिले, आणि आता ते आमचे खासदार आहेत, अगदी थोडक्या मतांनी. जे झालं ते सांगते. ते दुकानात मत मागायला आले. मी खुर्ची दिली, चहा दिला. नर्सबाईंना खाली बोलावलं, आणि त्यांनी मास्तरांना भाडेकरूंच्या कायद्याचे प्रश्न विचारले. निम्म्यांची उत्तरं त्यांना आली नाहीत, पण त्यांनी तसं कबूल केलं. मग मी त्यांना घेऊन गटारापर्यंत गेले, शाळेचा टेकू दाखवला. निवडून कुणीही येवो, त्याला जिना कुठे आहे ते ठाऊक हवं. आम्ही चालत असताना लोक खिडक्यांतून बघत होते, तुमच्या माणसांपैकीही कुणीतरी बघितलं असणार. त्याला प्रचार म्हणायचं असेल तर म्हणा.

आता तिसरं. ते तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, सही झाल्यावर, कडेला बारीक अक्षरात लिहिलंय. मत कुणाला दिलंस?

मतदान शाळेत होतं, नेहमीच्याच खोलीत. मी मतपत्रिका उघडली आणि आधी तुमचं नाव शोधलं. ते नाही हे ठाऊक असूनही वरून खाली, खालून वर दोनदा बोट फिरवलं. मागे रांग खोळंबली. अधिकारी म्हणाला, आजी, मदत हवी का? आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी आजी म्हटलं. मी नको म्हणाले, शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीत टाकली.

मास्तरांना वाटतं, मत त्यांना मिळालं. भावजींना वाटतं, मी कोरीच घडी टाकली. नर्सबाईंना काय वाटतं ते त्या सांगत नाहीत, पण हल्ली माझ्याकडे बघून हसतात. आणि तुम्हाला काय वाटतं ते त्या कडेच्या बारीक अक्षरातच दिसलं. एवढं बारीक तुम्ही कधी लिहीत नाही.

वर्षभर मी प्रत्येक बटण, प्रत्येक किल्ली, तुमचं प्रत्येक वाक्य उलटून बघितलं. फार दमले. आता ते ओझं थोडं तुमच्याकडे ठेवते.

रविवारी या. जेवायची थांबेन. बाकी काय हवं ते विचारा, सगळं सांगेन. हे मात्र विचारू नका.

— मी